चाकाच्या आकाराची मूठ: नवे वैमानिक घडवताना विमानांच्या इतिहासाची मदत कशी घ्यावी

ज्या विमानाची चाके उड्डाणानंतर आत ओढून घेता येतात, अशा विमानाच्या कॉकपिटमध्ये प्रशिक्षणार्थ्याला बसवावे, त्याला डोळे मिटायला सांगावे आणि त्याचा हात लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या, दांड्यावर ठेवावा. दांड्याच्या टोकाला बोटांना एक लहानसे गोल चाक लागते. मग तोच हात फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपांच्या, दांड्याकडे न्यावा. तिथली मूठ चपटी, पंखाच्या कडेसारखी असते. डोळे उघडल्यावर त्याला एकच प्रश्न विचारावा: हे आकार असे का ठेवले आहेत? बहुतेक जण "हाताला ओळखता यावे म्हणून" असे सांगतात आणि ते बरोबरच असते. पण ओळखता येत नव्हते तेव्हा काय होत होते, हे त्यांना ठाऊक नसते. इतिहासाला इथून सुरुवात करावी.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बाँबफेकी विमानाचे काही वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर, विमान धावपट्टीवर असतानाच, फ्लॅप वर घेण्याऐवजी चाके आत ओढत आणि विमान पोटावर बसे. अशा घटनांची नोंद "वैमानिकाची चूक" या सदरात होत असे. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराकडे लक्ष दिले, तेव्हा त्यांना दिसले की सी-४७ या मालवाहू विमानाच्या वैमानिकांकडून ही चूक होत नाही. फरक माणसांत नव्हता, कॉकपिटमध्ये होता. बी-१७ मध्ये चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी होते आणि दिसायला सारखे होते. दमलेल्या माणसाचा हात चुकीच्या स्विचवर जाणे यात नवल काहीच नव्हते. चॅपॅनिस यांनी चाकांच्या स्विचला रबरी चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीच्या आकाराची मूठ बसवण्याचा उपाय सुचवला. मोठ्या प्रवासी विमानांच्या रचनेच्या नियमांत आज या मुठींचे आकार ठरवूनच दिलेले आहेत.

ही गोष्ट ऐकून विद्यार्थी ती मूठ विसरत नाही, हा तिचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग खुद्द मार्गदर्शकासाठी आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. एखादा विद्यार्थी तीच चूक पुन्हा पुन्हा करत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणण्याआधी आपली शिकवण्याची पद्धत त्या दोन सारख्या स्विचांसारखी आहे का, हे मार्गदर्शकाने तपासून पाहावे.

गोष्ट वस्तूपासून सुरू करावी

विमानांचा इतिहास शिकवायचा म्हटले की वर्गात फळ्यावर सनावळ्या लिहिल्या जातात, थोर वैमानिकांची छायाचित्रे दाखवली जातात आणि विद्यार्थी आदराने ऐकून विसरून जातात. माझा आग्रह याच्या उलट आहे. त्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात जी वस्तू आहे, तोंडात जो शब्द आहे किंवा डोळ्यांसमोर जो नियम आहे, तो कुठून आला एवढेच सांगावे, आणि ते त्याच क्षणी, तीन ते पाच मिनिटांत सांगावे. कॉकपिटमधील जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी अडचण, चूक किंवा मृत्यू असतो. त्यामुळे साहित्य कमी पडण्याची भीती नाही.

चेकलिस्टचे उदाहरण घेऊ. नव्या विद्यार्थ्याला ती सुरुवातीला कंटाळवाणी वाटते आणि थोडा सराव झाला की अनावश्यक वाटू लागते. धोका या दुसऱ्या टप्प्यावर असतो. उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती फेरी मारून कंट्रोल लॉक काढत असेल, तेव्हा त्याला ३० ऑक्टोबर १९३५ ची हकिगत सांगावी. त्या दिवशी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे विमान चाचणीसाठी उडाले, अतिशय तीव्र कोनात वर चढले, स्टॉल होऊन (पंखांची उचल सुटून) कोसळले आणि पेटले. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) हलू नये म्हणून जे लॉक लावलेले असते, ते उड्डाणापूर्वी काढायचे राहिले होते. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर या अपघातात गेले, आणि दोघेही कसलेले वैमानिक होते. नेमका हाच मुद्दा विद्यार्थ्याच्या मनावर ठसवायचा असतो. विमान वाईट नव्हते आणि माणसे अननुभवी नव्हती, पण लक्षात ठेवण्याच्या गोष्टी स्मरणशक्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यासाठी लेखी यादी तयार झाली आणि तेच विमान पुढे बी-१७ या नावाने हजारोंच्या संख्येने बनले.

हकिगत संपल्यावर उपदेश करू नये. "चला, कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट" (नियंत्रणे मोकळी आणि बरोबर) एवढे म्हणून विद्यार्थ्याला स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणदांडा, चारही बाजूंना फिरवायला लावावी आणि तो पंखांकडे, शेपटीकडे मान वळवून पाहतो की नुसतेच शब्द उच्चारतो, याकडे आपण शांतपणे लक्ष द्यावे.

अडलेल्या विद्यार्थ्यासाठी १९०१ चे वर्ष

प्रत्येक प्रशिक्षणात असा काळ येतो की प्रगती थांबते. लँडिंग जमू लागलेले असते आणि अचानक बिघडते. विमान कधी उंचावरून आपटते, कधी उसळी घेते, आणि विद्यार्थी घरी जाताना आपल्यात ही पात्रताच नाही असे समजू लागतो. अशा वेळी राइट बंधूंच्या पहिल्या विमानोड्डाणाची, १७ डिसेंबर १९०३ ची, यशोगाथा सांगून उपयोग होत नाही, कारण यशाची गोष्ट अपयशात असलेल्या माणसाला आणखी एकटे पाडते. त्याला राइट बंधूंचे १९०१ चे वर्ष सांगावे.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील किल डेव्हिल हिल्स या टेकड्यांच्या वाळूवर त्यांनी आधीपेक्षा मोठे ग्लायडर नेले होते. उपलब्ध तक्त्यांवरून काढलेल्या गणितानुसार जेवढी उचल मिळायला हवी होती, त्यापेक्षा ती खूपच कमी मिळाली आणि वळताना ग्लायडर विचित्र वागू लागले. दोघे भाऊ निराश होऊन घरी परतले. त्या शरद ऋतूत त्यांनी सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी तयार करून तिच्यातून पंख्याने वारा सोडला, सायकलच्या आऱ्या आणि हॅकसॉची पाती वापरून नाजूक तराजू बनवले आणि पंखांचे जवळपास दोनशे लहान नमुने मोजून पाहिले. हवेच्या दाबासाठी सगळे जण वर्षानुवर्षे वापरत आलेला गुणांक चुकीचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९०२ चे ग्लायडर या मोजमापांवर बांधले गेले, आणि त्या मोसमात त्यांनी शेकडो वेळा टेकडीवरून झेप घेऊन ते हाताळण्याचा सराव केला. इंजिन त्यानंतर आले.

याच गोष्टीशेजारी सॅम्युएल लँग्ली या अमेरिकी शास्त्रज्ञाची गोष्ट ठेवावी. १९०३ च्या ७ ऑक्टोबरला आणि ८ डिसेंबरला त्यांचे उडते यंत्र पोटोमॅक नदीवरील तराफ्यासारख्या नौकेवरून सोडण्यात आले आणि दोन्ही वेळा पाण्यात कोसळले. त्यांचे इंजिन राइट बंधूंच्या इंजिनापेक्षा कितीतरी शक्तिशाली होते. पण आत बसलेल्या चार्ल्स मॅन्ली यांनी त्याआधी कधी हवेत उडण्याचा सराव केलेला नव्हता. ते दोन्ही वेळा वाचले, हे सुदैव. लँग्ली यांची विद्वत्ता कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र विमान बांधणे आणि विमान चालवायला शिकणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्याला आपोआप कळते.

यानंतर कामाला लागावे. बिघडलेल्या लँडिंगचे तुकडे करावेत: अप्रोचचा (धावपट्टीकडे उतरत येण्याचा) वेग, फ्लेअरची (टेकण्याआधी नाक उचलण्याची) उंची, नजर कुठे होती, रडरवर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या फळीवर) पाय काय करत होते. एका फेरीत यांपैकी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचे आणि उतरल्यावर तिची नोंद करायची. राइट बंधूंनी वाऱ्याच्या पेटीत एका वेळी एकच नमुना ठेवून पाहिला, तशीच ही रीत आहे, आणि विद्यार्थ्याला ती गोष्ट माहीत असली की तो या संथपणाला कंटाळत नाही.

राइट बंधूंच्या कथेत मार्गदर्शकासाठीही एक पात्र आहे. १९०० च्या मे महिन्यात विल्बर राइट यांनी ऑक्टेव्ह शनूट या ज्येष्ठ अभियंत्याला पत्र लिहिले. विल्बर ३३ वर्षांचे होते आणि शनूट ६८ वर्षांचे. शनूट यांनी जगभरच्या उड्डाणप्रयोगांची माहिती गोळा करून प्रसिद्ध केली होती आणि स्वतः ग्लायडरही बांधले होते. त्या पत्रापासून शेकडो पत्रांची देवघेव सुरू झाली. शनूट वाळूवरच्या तळावर जाऊन राहिले, प्रश्न विचारत राहिले, धीर देत राहिले. पुढे मात्र पेटंटचे वाद आणि श्रेय कोणाचे किती, या प्रश्नांवरून हे नाते बिनसले. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्याने दोन्ही अर्धे वाचावेत. शिष्याच्या यशात आपला वाटा किती, हा हिशेब त्याच्यासमोर मांडण्याचा मोह अनेक चांगल्या गुरूंना होतो, आणि तो टाळलेलाच बरा.

भीतीवरचा गॉस्पोर्टचा उपाय

माझ्या मते मार्गदर्शकाने सर्वांत बारकाईने अभ्यासावा असा काळ १९१७ चा आहे. पहिल्या महायुद्धात अनेक नवे वैमानिक शत्रूची गाठ पडण्याआधी प्रशिक्षणातच मरत होते. शिकवणारे बरेचदा आघाडीवरून थकून आलेले वैमानिक असत. त्यांना शिकवण्याचे शिक्षण मिळालेले नसे आणि अवघड हालचालींबद्दल "हे करू नकोस" एवढाच त्यांचा सल्ला असे. ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे ही रीत बदलली. एव्हरो ५०४ या दुहेरी नियंत्रणांच्या विमानात विद्यार्थी मुख्य जागेवर बसू लागला. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचवणारी नळी वापरली जाऊ लागली, आणि इंजिनाच्या गोंगाटात हातवारे करण्याऐवजी शांत शब्दांत शिकवणे शक्य झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धोकादायक अवस्था टाळायला न शिकवता, प्रशिक्षक सोबत असताना त्या अवस्थेत मुद्दाम जाऊन तिच्यातून बाहेर कसे यायचे, हे शिकवले जाऊ लागले. प्रत्येक हालचालीमागचे कारणही सांगितले जाऊ लागले. प्रशिक्षकांनाच आधी प्रशिक्षण देणे, हा या पद्धतीचा पाया होता.

स्टॉल आणि स्पिनच्या (विमान गरगर फिरत खाली येण्याच्या) धड्यापूर्वी या काळाची गोष्ट सांगावी, आणि तिच्याआधी २५ ऑगस्ट १९१२ ची एक घटना सांगावी. ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे विमान इंग्लंडमधील सॅलिसबरी मैदानावर काहीशे फुटांवरून स्पिनमध्ये गेले. त्या काळी स्पिन म्हणजे बहुधा शेवट. पार्क यांनी सुचेल ते करून पाहिले, काहीही उपयोग झाला नाही, आणि मग फिरण्याच्या विरुद्ध दिशेला रडर पूर्ण दाबताच विमान जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवर सावरले. ते उतरल्यावर नुसते सुटकेचा श्वास सोडून थांबले नाहीत. कोणत्या क्षणी हातापायांनी काय केले, हे त्यांनी तपशीलवार सांगितले आणि त्याची नोंद झाली. डिब्रीफिंग, म्हणजे उड्डाणानंतरची उजळणी, समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

प्रत्यक्ष धड्याची रचना गॉस्पोर्टच्या धर्तीवर करता येते. जमिनीवर असताना विद्यार्थ्याला त्याच्याच शब्दांत भीती सांगू द्यावी. मग हातात विमानाची प्रतिकृती धरून पंखावरचा प्रवाह कसा सुटतो ते दाखवावे. हवेत पहिल्यांदा आपण करावे, दुसऱ्यांदा त्याचे हातपाय नियंत्रणांवर हलकेच ठेवून करावे, तिसऱ्यांदा त्याने करावे आणि आपण फक्त बोलावे. चौथ्यांदा आपण गप्प राहावे. हे सगळे पात्र प्रशिक्षकासोबत, त्या हालचालीसाठी मान्यता असलेल्या विमानात, पुरेशा उंचीवर आणि विमानाच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच व्हायला हवे. इतिहासातील धाडसाची नक्कल करणे हा या धड्याचा हेतू नाही, आणि तसे विद्यार्थ्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

अपघात सांगण्याची रीत

अपघातांच्या कथा प्रभावी असतात, म्हणूनच त्या जपून वापराव्यात. काही पथ्ये मी अटळ मानतो. अधिकृत चौकशी अहवाल स्वतः वाचल्याशिवाय अपघात शिकवू नये. मृतांविषयी बोलताना आवाजात कुतूहलापेक्षा आदर जास्त असावा. आणि शेवट आधी सांगू नये. त्या क्षणी कॉकपिटमधील माणसांना जेवढे ठाऊक होते, तेवढेच विद्यार्थ्यासमोर ठेवावे, कारण शेवट माहीत झाला की प्रत्येक जण शहाणा होतो आणि त्यातून शिकायला काहीच मिळत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाने धाव सुरू केली होती. त्याचे कप्तान कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि स्वतः प्रशिक्षक असलेले वैमानिक होते. धाव सुरू असताना कॉकपिटमधील तिसऱ्या माणसाने, फ्लाइट इंजिनिअरने, दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाहेर गेलेले नाही का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. कप्तानांनी ते गेले असल्याचे ठामपणे सांगितले आणि धाव चालूच राहिली.

गोष्ट इथे थांबवावी आणि विद्यार्थ्याला विचारावे: तू त्या तिसऱ्या खुर्चीवर आहेस, आता नेमके कोणते शब्द बोलशील? "मी त्यांना थांबवले असते" हे उत्तर स्वीकारू नये. वाक्य मोठ्याने म्हणायला लावावे. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या तोंडून प्रश्नच निघतो, "सर, एकदा विचारायचे का?" असा मऊ, माफी मागितल्यासारखा. मग त्याच्याकडून ते तीन-चार वेळा सुधारून घ्यावे, जोवर "थांबा, धावपट्टी मोकळी नाही" असे छोटे, स्पष्ट वाक्य सहज बाहेर पडत नाही. शेवटी मार्गदर्शकाने आपल्या बाजूचा करार जाहीर करावा: माझ्यासोबत उडताना तुला शंका आली तर तू बोलायचेस, आणि तुझी शंका चुकीची निघाली तरी मी रागावणार नाही. हा करार पुढच्या उड्डाणात पाळून दाखवावा लागतो. उदाहरणार्थ, आपण मुद्दाम चुकीच्या उंचीवर स्थिरावावे आणि तो टोकतो का ते पाहावे.

रेडिओवरच्या भाषेलाही ही गोष्ट जोडता येते. "टेकऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा आणि एरवी "डिपार्चर" म्हणायचे, हा दंडक या अपघातानंतर रुजला. विद्यार्थी हा शब्द सैलपणे वापरू लागला की त्याला टेनेरिफची आठवण करून द्यावी. वेगळे रागावण्याची गरज पडत नाही.

पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतील पोर्टलंडजवळ एका डीसी-८ विमानाचे इंधन संपून ते कोसळले आणि दहा जण गेले. लँडिंग गिअरच्या बिघाडात कप्तान गुंतले होते, आणि इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत असूनही ते ठामपणे सांगितले गेले नाही. अशा अपघातांतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचे, म्हणजे विमानातील सर्वांनी एकमेकांची मदत घेऊन काम करण्याचे, प्रशिक्षण जन्माला आले. त्याचे फळ दाखवण्यासाठी १९ जुलै १९८९ ची अमेरिकेतील सू सिटीची घटना लगेच सांगावी, नाहीतर विद्यार्थ्याच्या मनात फक्त अंधार उरतो. डीसी-१० विमानाची नियंत्रणे हलवणारी सर्व हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा निकामी झाली असताना कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाची मदत घेतली, आणि केवळ इंजिनांची शक्ती कमीजास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी त्याचे श्रेय सहकाऱ्यांना आणि या प्रशिक्षणाला दिले.

आपल्या चुकाही इतिहासात धराव्यात

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक बोइंग ७२७ डोंगरावर आदळून ९२ जण गेले. अप्रोचच्या परवानगीचा आणि नकाशाचा अर्थ लावण्यात गफलत झाली होती. चौकशीत समोर आले की काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे एक विमान तिथेच, तशाच गफलतीतून थोडक्यात बचावले होते. ती माहिती त्या कंपनीच्या वैमानिकांना मिळाली, इतरांना नाही. १९७६ मध्ये नासाने चालवलेली, वैमानिकांना आपल्या चुका गोपनीयपणे कळवता येतील अशी नोंदयंत्रणा अमेरिकेत सुरू झाली, त्यामागे ही घटना होती.

मार्गदर्शकाने आपल्या थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्यातले एक पान विद्यार्थ्यांसमोर वाचावे: हवामान बिघडताना परत फिरायला केलेला उशीर, चुकीची लावलेली फ्रिक्वेन्सी, इंधनाचा सैल अंदाज. ज्येष्ठाने आधी सांगितले की कनिष्ठांच्या चुका लपत नाहीत.

आकाशात कोणाची जागा आहे

काही विद्यार्थ्यांना उड्डाणापेक्षा आपण इथले नाही ही भावना जड जाते. बेसी कोलमन यांची हकिगत त्यांच्यासाठी आहे. कृष्णवर्णीय आणि स्त्री असल्यामुळे अमेरिकेतील एकाही उड्डाणशाळेने त्यांना घेतले नाही. त्या फ्रेंच शिकल्या, फ्रान्सला गेल्या आणि १५ जून १९२१ रोजी परवाना घेऊन परतल्या. स्वतःची उड्डाणशाळा काढण्याचे त्यांचे स्वप्न होते. ३० एप्रिल १९२६ ला, मेकॅनिक विमान चालवत असताना ते अचानक उलटले. पट्टा न बांधलेल्या कोलमन बाहेर फेकल्या गेल्या. सुटा राहिलेला पाना नियंत्रणांत अडकल्याचे नंतर आढळले. त्यांचे स्वप्न इतरांनी पुढे नेले: १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्या नावाने क्लब सुरू केला आणि तिथे कृष्णवर्णीय तरुण उडायला शिकू लागले.

आपापसांतील स्पर्धा कडवट होऊ लागली, तर १९३० ची गोष्ट सांगावी. इंग्लंड आणि भारत यांमधील एकट्याने करायच्या उड्डाणासाठी आगा खान यांनी बक्षीस ठेवले होते. उलट दिशांनी निघालेले जे. आर. डी. टाटा आणि किशोरवयीन अस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये भेटले. अस्पी स्पार्क प्लगच्या अडचणीने अडकले होते. टाटांनी आपले जादा प्लग त्यांना दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

काही आठवड्यांनी भूमिका बदलाव्यात. विद्यार्थ्याने एक नियम किंवा उपकरण निवडावे, त्याचे मूळ शोधावे आणि ते मार्गदर्शकाला शिकवावे. किमान दोन विश्वासार्ह ठिकाणी पडताळलेली माहितीच सांगायची, ही अट घालावी. "राइट बंधूंचे विमान १२ सेकंद उडाले" इथे सगळे थांबतात. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे होते, आणि त्यानंतर वाऱ्याने विमान उलटवून मोडून टाकले, हे शोधणाऱ्यालाच सापडते.

पहिल्या सोलोच्या दिवशी

विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार त्या दिवशी इतिहास सांगू नये, अपघात तर मुळीच नाही. विद्यार्थ्याच्या मनात वारा, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) आणि वेग यांशिवाय काही नसावे. दोन-तीन चांगल्या फेऱ्या झाल्या की विमान बाजूला थांबवायला सांगावे, एकटा माणूस असताना विमान लवकर उचलेल एवढी आठवण द्यावी आणि उतरावे. उतरताना आपल्या रिकाम्या आसनाचा पट्टा घट्ट बांधावा, हेडसेटची वायर गुंडाळावी, नियंत्रणांत अडकेल असे काहीही सुटे ठेवू नये. बेसी कोलमन यांची हकिगत ज्याने ऐकली आहे, असा विद्यार्थी आपण दार लावेपर्यंत वाट पाहतो, मग स्वतः वाकून तो पट्टा एकदा ओढून बघतो आणि स्टिक चारही बाजूंना फिरवतो.